हत्तीचा पाऊस, चित्राचं ऊन

सूर्य हस्तात गेला. पंचांगात हस्त, आमच्या तोंडी हत्ती. हत्ती नक्षत्राचा पाऊस सोंडेतून फेकल्यासारखा येतो. एका धुऱ्याला झोडपून जातो आणि दुसऱ्या धुऱ्यावर माती तशीच कोरडी राहते. उमा नदीच्या अलीकडचं आमचं दीड एकर वावर अशा पावसात बरोबर सापडतं. शेजारच्या बांधीतल्या धानाला हे पाणी हवंच असतं, लोंबी पोटात असते, पाणी चुकलं तर दाणा पोचट राहतो. बांधीवरचे काका आभाळाकडे बघून हात जोडतात. मी त्याच आभाळाला थांब म्हणत असते, कारण अर्ध्या एकरातला माझा झेंडू नुकता फुललेला असतो.

०

झेंडूचं फूल पावसात पाणी पिऊन घेतं. जड होतं, देठाची मान मुडपते, फूल तोंड खाली करून बसतं. पाणी आत अडकलं की पाकळ्यांच्या बुडाशी तपकिरी डाग धरतो आणि दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर फूल हातात सुटं होऊन येतं. म्हणून सर थांबली की मी आणि सासूबाई ओळीतून चालत जातो. झाड बुडाशी धरायचं, हळू दोनदा हलवायचं, पुढचं धरायचं. सात हजारांवर झाडं आहेत, सगळ्यांना हात लागत नाही. धुऱ्याकडच्या चार ओळी आधी, कारण तिथं पाणी साचून मुळं गुदमरतात. ओंजळभर पाणी अंगावर उडतं, त्याला झेंडूचा तो कडवट उग्र वास असतो. पदराला तो दोन-तीन धुण्यांत जात नाही. मला तो वास दसऱ्याचा वाटतो.

०

फुलांच्या शेतीत पेरणीची तारीख उलटी मोजावी लागते. आधी सण, मग मागं मागं येत जुलै.

आफ्रिकन झेंडूचं रोप गादीवाफ्यावर किंवा ट्रेमध्ये पंचवीस ते तीस दिवस. लावल्यापासून फूल तोडणीला यायला साधारण साठ दिवस. म्हणजे दसऱ्याच्या आधी नव्वद दिवस बी मातीत पडायला हवं. पण दसरा एका जागी थांबत नाही. २०२२ मध्ये तो ५ ऑक्टोबरला होता. मी ५ जुलैला बी टाकलं, गणित जमलं, दोन पैसे हातात आले. पुढच्या वर्षी तीच तारीख धरली. २०२३ मध्ये श्रावण अधिक आला होता, दसरा २४ ऑक्टोबरपर्यंत पुढं सरकला, आणि माझ्या ध्यानात आलं तेव्हा रोपं वावरात उभी होती. पहिला भरगच्च बहार नेमका पितृपक्षात आला. पितृपक्षात फुलं कोण घेतो? हार नाहीत, लग्नं नाहीत, नवी गाडी नाही. आम्ही फुलं तोडून धुऱ्यावर टाकत होतो, कारण झाडावर ठेवली तर झाड बी धरायच्या मागं लागतं आणि पुढची कळी थांबते. त्या दिवसांत सासूबाई माझ्याशी फार बोलल्या नाहीत. रागानं नव्हे. त्यांना फूल उकिरड्यावर टाकणं सोसत नव्हतं.

झाडाला अधिक महिना कळत नाही. त्याला फक्त दिवस लहान होतो आहे, एवढं कळतं. आफ्रिकन झेंडू दिवस आखडू लागले की कळीवर लवकर येतो, त्यामुळे उशिरा लावलेल्याला थोडी सूट मिळते. पण दोन-चार दिवसांची सूट कुठं आणि एकोणीस दिवसांची चूक कुठं.

तेव्हापासून पुढच्या वर्षाचं कालनिर्णय बाजारात आलं की मी आधी अधिक मास शोधते.

०

आमच्याकडच्या काही तारखा मात्र हलत नाहीत. १६ ऑगस्ट आमच्या तालुक्याच्या गावाचा, चिमूरचा. १९४२ मध्ये याच दिवशी, नागपंचमीला, चिमूरकर इंग्रजांविरुद्ध उठले आणि काही दिवस गाव स्वतंत्र राहिलं. गोळीबारात बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा गेला. त्या दिवशी स्मारकावर फुलं वाहतात, तेव्हा दसऱ्यासाठी लावलेला झेंडू अजून गुडघ्याएवढाही नसतो. म्हणून विहिरीजवळ मी एक वाफा वेगळा ठेवते, मे महिन्यात रोप टाकून. त्याचं गणित बाजाराशी नाही.

दुसरी १६ ऑक्टोबर. बाबासाहेबांनी नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा दिली आणि दोन दिवसांनी, १६ तारखेला, चंद्रपुरात. नागपूरचा सोहळा विजयादशमीच्या तिथीनं होतो, चंद्रपूरचा तारखेनं, १५ आणि १६ ऑक्टोबरला. आमच्या गावातून गाड्या भरून माणसं जातात. बौद्ध पुऱ्यातल्या बाया आदल्या संध्याकाळी वावरात येतात, फुलं स्वतःच्या हातानं तोडून नेतात. त्यांना कॅरेटमधलं फूल नको असतं, झाडावरचं हवं असतं. दसरा कधीही येवो, १६ ऑक्टोबरला माझ्या झाडावर फूल असलं पाहिजे, हा मी स्वतःला घातलेला नियम आहे.

०

शेंडा खुडणं ऑगस्टातलं काम, पण त्याचं फळ आता दिसतं आहे म्हणून लिहून ठेवते. लावणीनंतर महिनाभरात झाड एकशेंड्या वाढतं, टोकाला पहिली कळी दाखवतं. ती कळी शेंड्यासकट खुडायची. नवी सून होते तेव्हा माझा हातच पुढं होईना. सासूबाई म्हणाल्या, "काहून थांबली वो? एक तोडशील तं दहा येतीन." यंदा दोन झाडांच्या फांद्या मोजल्या. खुडलेल्या झाडाला अकरा, कोपऱ्यात चुकून राहून गेलेल्या झाडाला चार.

०

फूल तोडायची खरी वेळ पहाटेची. रात्रीचा गारवा पाकळीत असतो, तेव्हा तोडलेलं फूल नागपूरपर्यंत टवटवीत राहतं. नाशिक-पुण्याकडं बाया डोक्याला बॅटरी लावून अंधारात तोडतात, असं ऐकते. आमच्याकडं ते होत नाही. ताडोबाचं जंगल आमच्या तालुक्याला टेकलेलं आहे. कोलारा गेट ज्यांना सफारीमुळं ठाऊक आहे त्यांना ते दार वाटतं, पण वाघाला दार नाही. तो नाल्यानं येतो, नाल्यानंच जातो. मागच्या आठवड्यात टमाटरच्या वाफ्याकडं ओल्या मातीत खोज उमटले होते, माझ्या पंजाहून मोठे, बोटांच्या खुणा गोल, नखं उमटलेली नाहीत.

वनखात्याची माणसं गावात येऊन सांगतात ते आता सगळ्यांना पाठ आहे. एकट्यानं जाऊ नका, बोलत राहा, वाकून काम करताना पाठीमागं कुणीतरी उभं ठेवा. वाकलेलं माणूस वाघाला माणसासारखं दिसत नाही. निंदण, तोडणी, धानकापणी, आमची सगळीच कामं वाकून करायची. म्हणून तोडणीला पाच बाया असल्या तर सहावी फक्त उभी असते, हातात स्टीलची थाळी आणि विळा. तिलाही तेवढीच मजुरी. माझ्या जावेनं एकदा विचारलं होतं, उभं राहायचे पैसे कशाला? त्यावर तोडणाऱ्या एका बाईनंच उत्तर दिलं, "ते उभी हाये म्हनून आमी वाकलो."

तर आम्ही उजाडल्यावर तोडतो. फुलाचा थोडा गारवा जातो. जाऊ दे.

०

सोयाबीन आणि झेंडू एकाच आठवड्यात हाताला येतात. यंदा, २०२५ मध्ये, दसरा २ ऑक्टोबरला, म्हणजे सोयाबीनच्या सोंगणीच्या तोंडावर. बायांना सोंगणीचा ठोका मिळतो, एकरावर, दिवसाच्या मजुरीपेक्षा जास्त. त्यांनी तिकडं जावं, त्यात चूक काही नाही. दिवाळी त्यांनाही करायची आहे. मग माझ्याकडं येतात त्या म्हाताऱ्या, ज्यांना सोंगणी झेपत नाही. म्हातारी बाई फूल सुंदर तोडते. घाई नाही, देठ बोटभर ठेवते, कळीला धक्का नाही.

०

दसऱ्याच्या आदल्या दिवसांचं काय लिहू. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर, दोन दिवस आम्ही जेवलो ते उभ्यानं. भिसी-उमरेडवरून रात्री टेम्पो गेला, तीन वावरांचा माल एकत्र, पहाटे नागपुरात सीताबर्डीच्या नेताजी फूल बाजारात. कॅरेटच्या तळाशी ओलं फूल राहिलं तर वरचंही तापतं, म्हणून सुती लुगडं पसरून सगळं आधी घरात वाळवलं. बैठकीतल्या फरशीवर नारिंगी, पडवीत पिवळं. लहान पुतणी त्यात पाय न टाकता दारापर्यंत जायचा रस्ता शोधत होती.

भाव सकाळी सातला एक, दहाला दुसरा. आडत्या फोनवर सांगतो ते ऐकायचं. एका वर्षी एका आडत्यानं अर्धा माल खराब म्हणून कापला, आणि त्याच संध्याकाळी तोच माल रस्त्यावर विकताना आमच्या टेम्पोवाल्यानं पाहिला. तेव्हापासून सगळा माल एका हाती देत नाही. चिमूरच्या बाजारात निम्मा, नागपूरला निम्मा. चिमूरला भाव कमी, पण घेणाऱ्याचं तोंड दिसतं.

०

तीन तारखेला फुलाला कुणी विचारत नाही. आदल्या दिवशी ज्यासाठी माणसं भांडतात ते फूल दुसऱ्या दिवशी तसंच झाडावर उभं असतं, तितकंच चांगलं. मला हे अजून अवघड जातं. या दिवसांत फुलं तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाला जातात. महाराजांनी आमच्याच तालुक्यात गोंदोड्याच्या जंगलात तपश्चर्या केली, ११ ऑक्टोबर १९६८ ला मोझरीला देह ठेवला. पुण्यतिथीच्या सोहळ्यात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी सगळे उभे राहून मौन पाळतात. गावात अधिष्ठानाला आमच्या झेंडूची आरास असते. पैसे घेत नाही, त्यांनी कधी विचारलंही नाही. सासूबाई स्वतः टोपलं डोक्यावर घेऊन जातात, मला नेऊ देत नाहीत.

०

चित्रा लागलं. पाऊस ओसरला, ढग पांढरे झाले, ऊन एकदम टोचायला लागलं. ऑक्टोबरचं हे ऊन माणसाला त्रास देतं, पण वाफे करायला याच्यासारखं ऊन नाही. मोरंड जमीन ओली असताना तुडवली की विटेसारखी होते, फार वाळली की ढेकूळ फुटत नाही. मधले चार-पाच दिवस असे येतात की मुठीत दाबलेली माती गोळा होते आणि बोटानं टोचली की सुटते. त्या दिवसांत सगळं सोडून वाफे पाडायचे.

मेथी, पालक, मुळा, सांभार. पुण्याच्या माझ्या मैत्रिणीला सांभार म्हणजे इडलीबरोबरचं वाटतं. आमच्याकडं कोथिंबीर असं म्हटलं तर बाजारातली बाई वर बघते. सांभाराचं बी म्हणजे धणे, त्यात दोन दाणे जुळलेले असतात. फरशीवर पसरून वहाणेनं हलकं रगडायचं, दोन फाकी झाल्या पाहिजेत, भुगा नाही. रात्रभर ओल्या फडक्यात बांधून ठेवायचे आणि वाफ्यात ओळीनं टाकायचे. मेथी तिसऱ्या-चौथ्या दिवशी माती फोडून वर येते, सांभार वाट बघायला लावतो. आठवडा जातो, कधी बारा दिवस. दरवर्षी मला वाटतं बी फसलं. दरवर्षी ते येतं.

मेथी महिन्याच्या आत बाजारात जाते. फुलाचा पैसा वर्षात दोन-तीनदा, थप्पी येते. मेथी-सांभाराचा पैसा रोजचा, दहा-वीसच्या नोटांचा. दोन्ही आमच्या घरात वेगवेगळ्या डब्यांत राहतात. फुलांच्या डब्यातून विहिरीचं काम झालं, ठिबक आलं. भाजीच्या डब्यातून तेल, साबण, पोरांच्या वह्या. एक डबा रिकामा झाला तर दुसऱ्याला हात लावायचा, हे ठरलेलं आहे. पितृपक्षात फुलं फेकली त्या वर्षी घर चाललं ते चवळीच्या शेंगांवर, बरबटीवर. त्या वर्षी मला खऱ्या अर्थानं कळलं की सासऱ्यांनी अर्ध्या एकरापेक्षा जास्त फूल कधी का लावलं नाही.

०

फुलकोबीचं रोप लावलं. तिचं सगळं थंडीवर चालतं. लवकरच्या जातीला गड्डा धरायला कमी थंडी पुरते, उशिराच्या जातीला चांगली थंडी लागते. लवकरची जात उशिरा लावली तर सुपारीएवढे गड्डे येऊन बसतात. उशिराची लवकर लावली तर नुसती पानं. गड्डा मुठीएवढा झाला की बाजूची चार पानं वर ओढून सुतळीनं बांधायची, ऊन लागलं तर तो पिवळा पडतो. बाजारात पांढराच गड्डा विकला जातो. चवीत मला फरक कळलेला नाही.

०

टमाटरमधे झेंडू. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं सांगितलेली ही रीत गावात दहा जणांना सांगून झाली, तीन जणांनी केली. टमाटरच्या सोळा ओळींमागं उंच झेंडूची एक ओळ. झेंडूचं रोप पंचेचाळीस दिवसांचं, टमाटरचं पंचवीस दिवसांचं, एकाच दिवशी लावायचं, म्हणजे दोघांना फूल एकदमच येतं. फळ पोखरणाऱ्या अळीची मादी अंडी घालायला झेंडूच्या कळीकडं जाते. मग फवारा फक्त त्या एका ओळीवर, किंवा हातानं अळ्या वेचायच्या. जमिनीत मुळांना गाठी करणारे सूत्रकृमी असतात, त्यांनाही झेंडूची मुळं मानवत नाहीत. म्हणून दसरा-दिवाळी संपलेल्या तुकड्यात पुढं वांगी लावते.

फूल नगदीसाठी आणि भाजी खाण्यासाठी, असं लोक म्हणतात. माझ्या वावरात ते एकमेकांची राखण करतात.

०

राखणीवरून आठवलं. झेंडूला रानडुक्कर तोंड लावत नाही, निदान आमच्याकडं मी पाहिलेलं नाही. म्हणून जंगलाच्या बाजूला झेंडू, आत भाजी, त्याच्या आत भुईमूग. रोही मात्र काहीही तुडवून जातो, त्याला झटका मशीनची तारच लागते. रात्री दोनदा उठून तिचा टकटक आवाज ऐकायचा. आवाज आला की बॅटरी जिवंत आहे.

डुकरापासून राखण करत माणसानं काय काय वाढवलंय याची एक गोष्ट आमच्या शेजारच्या नागभीड तालुक्यातली. नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. दीड एकराचे कास्तकार, आमच्याएवढेच. १९८३ मध्ये ‘पटेल ३’ धानात त्यांना तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या, दाण्याचा रंग पिवळा. त्यांनी त्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्या. पुढच्या वर्षी वावराच्या मधोमध पेरल्या आणि भोवती काटेरी झुडपांचं कुंपण केलं, डुकरांनी खाऊ नये म्हणून. त्यातून एचएमटी तांदूळ झाला, तेव्हाच्या नावाजलेल्या घड्याळाचं नाव घेऊन. आज अर्धा विदर्भ तो खातो. २०१८ मध्ये दादाजी गेले. मला त्या गोष्टीत तांदळाइतकीच ती काटेरी झुडपं महत्त्वाची वाटतात. तीन लोंब्यांसाठी माणूस कुंपण घालतो.

०

या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात पाणी द्यायला जायचं म्हणजे दोघं-तिघं मिळून, बॅटऱ्या घेऊन, मोठ्यानं बोलत. ज्या गावात नाल्याला वाघाचे खोज आहेत तिथं रात्री बाराला मोटर सुरू करायला माणसाला पाठवणं चूक आहे. हे मी कुठंही, कुणासमोरही म्हणायला तयार आहे. सौर पंपाचा अर्ज भरलाय. तो लागेपर्यंत ठिबकची टाकी दिवसाच्या आठवड्यात भरून ठेवते, वाफे पालापाचोळ्यानं झाकते, की एक पाणी वाचावं.

०

दिवाळी. २१ तारखेला लक्ष्मीपूजन, बाजारात कमळंही आली, तलावांवरच्या ढिवर बांधवांनी काढलेली, ओल्या पानात गुंडाळलेली. माझ्या झेंडूशेजारीच एक ढिवर काकू बसतात, शिंगाडे आणि कमळं घेऊन. गिऱ्हाईक कमी असलं की आम्ही एकमेकींचं दुकान सांभाळतो.

समोर प्लास्टिकच्या झेंडूच्या माळा टांगल्या होत्या. धुऊन पुढच्या वर्षी वापरता येतात, असं विकणारा सांगत होता. एक बाई माझ्याकडं आली, फूल नाकाशी नेलं, हुंगलं आणि पाव किलो घेऊन गेली.

पाडव्याला गायगोधन. गोवाऱ्यांची पोरं मोरपिसं लावून नाचत येतात, गायींच्या शिंगांना गेरू, गळ्यात झेंडूच्या माळा. या माळा सासूबाई विकत नाहीत. गावातल्या ज्याच्याकडं गाय आहे त्याला माळ घरून जाते. आदल्या रात्री दाभणात सुतळी ओवून बसतात. एक नारिंगी, एक पिवळं, मधे आंब्याचं पान. डोळ्यांना आता कमी दिसतं, तरी दाभण फुलाच्या बरोबर हिरव्या बुडातून जातं. पाकळ्यांतून गेलं तर फूल गायीनं मान हलवली की गळतं.

०

ऑक्टोबर संपता संपता पुन्हा पाऊस. २८ तारखेच्या रात्री मोंथा चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्याला लागलं आणि त्याचे ढग इकडं आले. काकांचा धान कापून बांधीत पसरलेला होता. आम्ही सगळे धावलो, कडपा उचलून धुऱ्यावर आणल्या, ताडपत्री पुरेना तेव्हा माझा मल्चिंग पेपरचा उरलेला रोल उलगडला. काही वाचलं, काही नाही. ओल्या कडपेला कोंब फुटायला फार दिवस लागत नाहीत.

त्यांनी उभ्या धानात आधीच लाखोरी फेकून ठेवली होती, ती मात्र त्या पावसानं छान उगवली. धान कापायच्या आठ-पंधरा दिवस आधी, चिखल ओला असताना बी नुसतं शिंपडायचं, नांगर नाही, वखर नाही. याला उतेरा म्हणतात. लाखोरीच्या डाळीच्या विक्रीवर एकेकाळी बंदी होती, ती फार खाल्ली तर पाय लुळे पडतात म्हणून. भाजी मात्र घराघरात होते, कोवळे शेंडे खुडून. वाळवली की सुकसा. काका दुसऱ्या दिवशी बांधीत बसून होते, मी भाकर घेऊन गेले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "लाखोरी आली ना. बस्स." मला त्यांच्या तोंडाकडं बघवलं नाही.

०

मंडई, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रा, सुरू झाल्या. या गावात आज, त्या गावात उद्या, रात्री दंडार किंवा वडशाच्या कंपनीचं नाटक. मजुरीच्या बाया दुसऱ्या दिवशी उशिरा येतात, डोळे लाल, आणि निंदताना सगळं नाटक पुन्हा सांगतात. खलनायकाला शिव्या देताना खुरपं जोरात चालतं. मी त्यांना मधे थांबवत नाही.

०

थंडी पडली. भरताच्या वांग्यांना आता चव आली. पोपटीच्या शेंगा उकडल्या.

०

झेंडूच्या झाडांवर शेवटची फुलं ठेवलीत, बियांसाठी. संकरित जातीचं बी धरून उपयोग नाही, पुढच्या वर्षी झाडं सरमिसळ येतात. पण विहिरीजवळचा गावरान नारिंगी, सासूबाईंच्या माहेरचा, त्याचं बी आम्ही दरवर्षी धरतो. फूल झाडावरच वाळू द्यायचं, हिरवं बूड तपकिरी होईपर्यंत. मग कोरड्या दुपारी तोडून पडवीत ठेवायचं. बूड चिमटीत धरून वाळलेल्या पाकळ्या ओढल्या की प्रत्येक पाकळीच्या टोकाला एक बी निघतं. अर्धं काळं, अर्धं फिकट, काडीसारखं, शेवटाला पांढरी बारीक शेंडी. आपण ज्याला एक फूल म्हणतो ती खरं तर लहान फुलांची जुडी असते. जिला पाकळी म्हणतो तीच एक सबंध फूल, स्वतःचं बी घेऊन बसलेलं. हे मला वनस्पतीशास्त्राच्या पुस्तकात कळलं होतं, पण पटलं ते इथं, पडवीत, सासूबाईंच्या सुपात.

सासूबाई पोचट बी फुंकरीनं उडवतात. वजनदार राहतं. गेल्या वर्षी एका झाडाला हत्तीच्या पावसात मान न टाकणारी फुलं आली होती, यंदाही त्याच ओळीत तशी चार झाडं होती. त्या झाडांना मी सप्टेंबरातच लाल चिंधी बांधून ठेवली होती. त्यांचं बी वेगळ्या सुपात काढलं. मूठभरही नाही.

पुढच्या वर्षी ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. दसरा २० ऑक्टोबरला. नव्वद दिवस मागं मोजले, दिवस आखडल्याची थोडी सूट धरली नाही. सासूबाईंनी राख मिसळून बी कागदाच्या पाकिटात भरलं, मी त्यावर पेनानं लिहिलं, २२ जुलै. चिंधीच्या झाडांचं पाकीट लहान. त्यावरही तीच तारीख लिहिली, आणि खाली, वावराच्या मधोमध.